एकोणपन्नास म्हणजे आय-एल नव्हे: साध्या आकड्याचा रोमन आकडा बिनचूक कसा करायचा

४९ रोमनमध्ये लिही म्हटलं की बरेच जण बिनधास्त आय-एल लिहून मोकळे होतात. पन्नासचा एल, एक कमी करायचाय म्हणून त्याच्या आधी आय, झालं काम. पण चूक आहे ते. बरोबर उत्तर एक्स-एल-आय-एक्स. आणि यात लिहिणाऱ्याचा फारसा दोषही नाही, आपली भाषाच आपल्याला तिकडे ढकलते, कारण एकोणपन्नास या शब्दातच 'पन्नासला एक ऊन', म्हणजे एक कमी, असा हिशेब बसलेला आहे आणि रोमनमध्ये वजाबाकी असते एवढं आपल्याला अर्धवट आठवत असतं, मग डोकं दोन्ही जोडून टाकतं. मी स्वतः एका वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर ४९व्या वर्षासाठी आय-एल टाकलंय. प्रूफ तिघांनी वाचलं, एकालाही खटकलं नाही, सगळ्या प्रती छापून झाल्यावर एका वाचकाने फोन करून विचारलं, "ते आयएल म्हणजे कुणाची आद्याक्षरं आहेत का हो?"

तर या सगळ्या लेखाचं सार एवढंच की आकड्याचं नाव ऐकायचं नाही, आकड्यातली घरं बघायची. एकक, दशक, शतक, हजार. बाकी सगळं त्याच्या मागून आपोआप येतं.

वाचायच्या आधी एक गोष्ट. रोमन अक्षरं मी इथे बोलतो तशी लिहिलीयेत आणि दोन अक्षरांच्या मधे छोटी रेघ दिलीय, कारण बऱ्याच मोबाइलच्या फॉन्टमध्ये कॅपिटल आय आणि स्मॉल एल डिट्टो सारखे दिसतात आणि इथे तर सगळा खेळच त्या दोघांचा आहे. तुम्ही लिहिताना रेघ द्यायची नाही, जागा सोडायची नाही, इंग्रजी कॅपिटल अक्षरं एकाला एक लागून लिहायची.

तयारी: सात अक्षरं आणि एक साचा

अक्षरं फक्त सात आहेत.

आय = १
व्ही = ५
एक्स = १०
एल = ५०
सी = १००
डी = ५००
एम = १०००

हे पाठ असेलच बहुतेकांचं. जे पाठ नसतं ते म्हणजे या सात जणांचे दोन गट आहेत. आय, एक्स, सी, एम हे एक-दहा-शंभर-हजारवाले, हे ओळीने तीनदा येऊ शकतात. व्ही, एल, डी हे पाचवाले, हे त्यांच्या घरात एकदाच येतात आणि कधीही वजा होत नाहीत. म्हणजे व्ही-व्ही, एल-एल, डी-डी असं काही दिसलं की डोळे झाकून चूक म्हणायचं, आणि मोठ्या अक्षराच्या आधी व्ही, एल किंवा डी दिसला तरी तेच.

आता कागदावर हे चार घरांचं कोष्टक लिहून घ्या. पाठ करत बसू नका, पाच-सात आकडे केले की आपोआप बसतं.

एकक: लहान आय, मधला व्ही, मोठा एक्स
दशक: लहान एक्स, मधला एल, मोठा सी
शतक: लहान सी, मधला डी, मोठा एम
हजार: फक्त लहान, एम

बघा, एका घरातला मोठा तोच पुढच्या घरातला लहान. आणि साचा चारही घरांना एकच:

१ = लहान
२ = लहान लहान
३ = लहान लहान लहान
४ = लहान मधला
५ = मधला
६ = मधला लहान
७ = मधला लहान लहान
८ = मधला लहान लहान लहान
९ = लहान मोठा
० = काहीच नाही

वजाबाकी फक्त ४ आणि ९ ला होते आणि ती कायम त्याच घराच्या आत होते. एककातला आय फक्त व्ही आणि एक्समधून वजा होणार, दशकातला एक्स फक्त एल आणि सीमधून, शतकातला सी फक्त डी आणि एममधून. बस, एवढ्या सहाच जोड्या. आय बिचारा पन्नासपर्यंत पोचूच शकत नाही, म्हणून ते आय-एल चूक.

पायरी १: आकडा रोमनमध्ये होण्यासारखा आहे का ते बघा

आधी स्वल्पविराम काढून टाका, मागेपुढे काही चिकटलं असेल तर तेही काढा, नुसता आकडा उरू द्या. मग बघा की तो १ ते ३९९९ मधला पूर्णांक आहे का. शून्याला रोमन अक्षर नाही, ऋण आकडे नाहीत, आणि दशांश चिन्हवाल्या आकड्याच्या नादी लागू नका.

३९९९ ही मर्यादा का, तर ४००० करायला हजाराच्या घरात 'लहान मधला' लागतो आणि पाच हजाराचं अक्षर आपल्या सातात नाही. त्यासाठी अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ देतात, रेघ म्हणजे हजारपट, म्हणजे व्हीवर रेघ दिली की ५००० आणि आय-व्ही दोन्हींवर मिळून रेघ दिली की ४०००. हाताने लिहायला हे ठीक आहे. टाइप करून कुठे पाठवायचं असेल तर ती रेघ वाटेत कधी गळून पडेल सांगता येत नाही आणि मग तुमचे चार हजार चारावर येतात. माझं मत विचाराल तर ३९९९ च्या पुढे साधा आकडाच वापरा.

पायरी २: घरं पाडा

समजा २७४९ करायचाय. हा फोडून एकाखाली एक लिहा:

२ हजार
७ शतक
४ दशक
९ एकक

हे तोंडी करू नका, निदान पहिले काही दिवस तरी नको. तोंडी केलं की डोक्यात "दोन हजार सातशे एकोणपन्नास" वाजतं आणि तो एकोण परत घात करतो. नुसता एकोणच नाही, आपले आकडे उलटेही बोलले जातात. पंचेचाळीस म्हणताना पाच आधी येतो आणि चाळीस नंतर, त्यामुळे ४५ ला व्ही-एक्स-एल लिहिलेलं मी पाहिलंय, लिहिणाऱ्याने बिचाऱ्याने जसं ऐकलं तसं उतरवलं. बरोबर आहे एक्स-एल-व्ही, आधी चाळीस, मग पाच.

सावध: वर्षांच्या बाबतीत अजून एक सापळा आहे. १९९९ ला आपण एकोणीसशे नव्याण्णव म्हणतो, मग काही जण आधी १९ चं रोमन करतात, मग ९९ चं, आणि दोन्ही शेजारी शेजारी चिकटवतात. तसं होत नाही. १९९९ म्हणजे १ हजार, ९ शतक, ९ दशक, ९ एकक. चार घरं, चार तुकडे: एम, सी-एम, एक्स-सी, आय-एक्स. दुसऱ्या टोकाचे लोक एम-आय-एम लिहितात, म्हणजे दोन हजाराला एक कमी. दिसायला सुटसुटीत आहे पण वरच्या सहा जोड्यांत आय-एम कुठे आहे का बघा. नाही ना, मग नाही.

पायरी ३: एकेक घर साच्यात घाला

वरून खाली जा, म्हणजे हजारापासून. एका वेळी एकच घर बघायचं, बाकीच्यांवर हात ठेवला तरी चालेल (खरंच ठेवा, मी अजूनही मोठ्या आकड्याला ठेवतो).

२ हजार: लहान लहान, म्हणजे एम-एम
७ शतक: मधला लहान लहान, म्हणजे डी-सी-सी
४ दशक: लहान मधला, म्हणजे एक्स-एल
९ एकक: लहान मोठा, म्हणजे आय-एक्स

इथे सगळ्यात जास्त गोंधळ ४ आणि ६ मध्ये, आणि ९ आणि ११ मध्ये होतो, कारण अक्षरं तीच, जागा उलट. लहान आधी आला तर कमी करतो, नंतर आला तर वाढवतो. एक्स-एल चाळीस, एल-एक्स साठ. सी-डी चारशे, डी-सी सहाशे. घाईत हमखास उलटं पडतं.

आठाला आय-आय-एक्स लिहायचा मोहही आवरा. दहाला दोन कमी, हिशेब बरोबर आहे, पण वजा करायला एकच अक्षर चालतं, दोन नाही. आठ कायम लांबलचकच असतो, व्ही-आय-आय-आय.

शून्याचं घर आलं तर ते सरळ ओलांडून पुढे जायचं. २००६ मध्ये शतक आणि दशक रिकामे आहेत, तर एम-एम आणि लगेच व्ही-आय. मधे जागा सोडायची नाही, इंग्रजी ओ टाकायचा नाही, टिंब नाही, काही नाही. १०५० तर नुसतं एम-एल, दोनच अक्षरं. एवढा मोठा आकडा इतका छोटा कसा म्हणून लोकांना शंका येते आणि ते उगाच काहीतरी घुसडतात.

पायरी ४: तुकडे जोडा

जसे एकाखाली एक लिहिले त्याच क्रमाने आडवे जोडा.

२७४९ = एम-एम-डी-सी-सी-एक्स-एल-आय-एक्स

जोडून झाल्यावर 'जरा छोटं करू या का' असा विचार मनात आणू नका. शेवटी एक्स-एल-आय-एक्स दिसतंय म्हणून त्याचं आय-एल करायचं, असली सुधारणा म्हणजे पुन्हा माझं मुखपृष्ठ. जोडल्यावर आतली अक्षरं हलवायची नाहीत.

पायरी ५: तीन चेक, तिन्ही करायचे

बहुतेक जण एकच चेक करतात, उलटी बेरीज, आणि ती जुळली की खूश होतात. तिथेच फसतात.

चेक १, अक्षरं मोजा. साच्यावरून कळतं की कुठल्या अंकाला किती अक्षरं लागतात: १ आणि ५ ला एक, २, ४, ६ आणि ९ ला दोन, ३ आणि ७ ला तीन, ८ ला चार, ० ला शून्य. घर कुठलंही असो, संख्या तीच. मग २७४९ ला २ + ३ + २ + २ = ९ अक्षरं हवीत. वर मोजा, नऊच आहेत. टाइप करताना एखादा आय किंवा सी गळतो किंवा जास्तीचा पडतो, तो इथे लगेच सापडतो. ३८८८ सारखा आकडा असेल तर हा चेक सोडूच नका, त्याला तब्बल पंधरा अक्षरं लागतात आणि ३९९९ पर्यंत त्याहून लांब एकही आकडा नाही.

चेक २, उलटी बेरीज. डावीकडून वाचत जा, लहान अक्षर मोठ्याच्या आधी दिसलं की त्या दोघांची जोडी करून वजाबाकी, नाहीतर सरळ बेरीज. १००० + १००० + ५०० + १०० + १०० + ४० + ९ = २७४९. जुळलं.

चेक ३, उतरण. बेरीज करताना जे तुकडे मिळाले ते वरून खाली उतरत यायला हवेत, फार तर सलग सारखे असतील, पण मधेच चढता कामा नये. वर बघा, हजार, हजार, पाचशे, शंभर, शंभर, चाळीस, नऊ, मस्त उतरतंय.

आता तीन कशाला, एक पुरत नाही का? १९ घ्या. कुणीतरी आय-एक्स-एक्स लिहिलं, वीसच्या आधी एक, आपल्या एकोणीससारखं. अक्षरं मोजली तर तीन, बरोबर (१ ला एक, ९ ला दोन). बेरीज केली तर ९ + १० = १९, तीही बरोबर! दोन्ही चेक पास आणि उत्तर साफ चूक. पकडतो तो तिसरा चेक, कारण ९ नंतर १० म्हणजे चढण झाली. बरोबर उत्तर एक्स-आय-एक्स, दहा आणि मग नऊ. उलट ४९ च्या आय-एलची बेरीज जुळते, त्यात चढण दिसत नाही, पण अक्षरं दोनच आहेत आणि हवीत चार. आणि एक्स-एलच्या जागी एल-एक्स पडलं तर मोजणीही गप्प बसते, उतरणही गप्प बसते, ओरडते ती फक्त बेरीज. प्रत्येकाची चूक पकडायची जागा वेगळी आहे.

एकोणवाले आकडे एकदा हाताने लिहून काढा

ही यादी स्वतः लिहा, नुसती वाचू नका. सगळ्यांच्या शेवटी आय-एक्स आहे, हेच लक्षात ठेवायचं.

१९ = एक्स-आय-एक्स
२९ = एक्स-एक्स-आय-एक्स
३९ = एक्स-एक्स-एक्स-आय-एक्स
४९ = एक्स-एल-आय-एक्स
५९ = एल-आय-एक्स
६९ = एल-एक्स-आय-एक्स
७९ = एल-एक्स-एक्स-आय-एक्स
८९ = एल-एक्स-एक्स-एक्स-आय-एक्स
९९ = एक्स-सी-आय-एक्स

नव्याण्णवच्या नावात एकोण नाही, तरी लोक आय-सी लिहितातच, शंभर समोर दिसत असतो ना. गंमत म्हणजे लॅटिनमध्येही १९ ला 'उंदेविगिंती' म्हणतात, म्हणजे विसातून एक कमी, अगदी आपल्यासारखं. तरी लिहिण्याची रूढ पद्धत एक्स-आय-एक्सच.

पायरी ६: टाइप करताना

हाताने बरोबर केलेलं इथे बिघडतं, म्हणून ही पायरी वेगळी ठेवलीय.

कीबोर्ड इंग्रजीवर न्या आणि कॅपिटल अक्षरं वापरा. आयच्या जागी इंग्रजी १ किंवा उभी रेघ टाकू नका, दिसायला सारखं दिसतं पण सर्च केलं की सापडत नाही आणि फॉन्ट बदलला की उघडं पडतं. स्मॉल अक्षरं चालतात पण ती मुख्यतः प्रस्तावनेच्या पानांना किंवा उपमुद्द्यांना, आणि एकाच आकड्यात कॅपिटल-स्मॉलची मिसळ करायची नाही.

मराठी डीटीपीवाल्यांसाठी खास: मजकूर जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये असेल तर त्यात इंग्रजी अक्षर टाइप केलं की त्या जागी भलतंच देवनागरी चिन्ह उमटतं. रोमन आकडा तेवढा सिलेक्ट करून त्याला इंग्रजी फॉन्ट लावावा लागतो. आणि नंतर कोणीतरी सगळं सिलेक्ट करून पुन्हा मराठी फॉन्ट लावला की आकडा परत गायब. त्यामुळे फायनल पीडीएफमध्ये प्रत्येक रोमन आकडा डोळ्याने बघा, आधीच्या फाइलवर विश्वास ठेवू नका.

एक्सेल वापरत असाल तर त्यात रोमन नावाचं फंक्शनच आहे, कंसात आकडा द्या, रोमन मिळतं, ३९९९ च्या वर गेलात तर एरर येते. त्या फंक्शनला दुसरा एक पर्याय देता येतो, ० ते ४, आणि तिथे गडबड आहे. जसजसा तो वाढवाल तसं एक्सेल आकडा आखूड करत जातं, ४ दिला तर ४९९ चं उत्तर चक्क आय-डी येतं. नेहमीच्या पद्धतीने ते सी-डी-एक्स-सी-आय-एक्स आहे. म्हणून तो दुसरा पर्याय रिकामाच सोडा. उलटं करायला अरेबिक नावाचं फंक्शन आहे, चेकसाठी झकास. आणि रोमन उत्तर हे एक्सेलच्या लेखी मजकूर असतं, त्याच्या बेरजा होत नाहीत, म्हणून मूळ आकड्याचा कॉलम पुसू नका.

सावध: फाइलींची नावं रोमनमध्ये दिलीत तर कॉम्प्युटर त्या अक्षरांच्या क्रमाने लावतो, आकड्यांच्या नाही. आय-व्हीनंतर लगेच आय-एक्स येतो, म्हणजे चौथ्या प्रकरणाच्या मागे नववं, आणि पाचवं त्याच्याही मागे. नावाच्या सुरुवातीला ०१, ०२ असा साधा आकडा ठेवा, रोमन आतमध्ये लिहा.

अजून एक, घड्याळ बघून शिकू नका. कितीतरी घड्याळांच्या तबकडीवर चारला चार आय असतात, ती तबकडीची रीत आहे. दुसरीकडे कुठे तुम्ही तसं लिहिलंत तर तुमची चूकच धरणार.

हात बसवायला सहा आकडे

उत्तर झाकून आधी स्वतः करा, घरं पाडून, तिन्ही चेकसकट: ३९, ८९, ४४४, ९९०, १९४९, ३००८.

३९ = एक्स-एक्स-एक्स-आय-एक्स
८९ = एल-एक्स-एक्स-एक्स-आय-एक्स
४४४ = सी-डी-एक्स-एल-आय-व्ही
९९० = सी-एम-एक्स-सी
१९४९ = एम-सी-एम-एक्स-एल-आय-एक्स
३००८ = एम-एम-एम-व्ही-आय-आय-आय

९९० ला एक्स-एम आलं असेल तर हजारातून दहा वजा केलेत तुम्ही, दशकाने शतकाच्या घरात उडी मारली, पायरी २ वर परत जा. ३००८ ला मधे काही टाकावंसं वाटलं असेल तर पायरी ३ मधलं शून्याचं पुन्हा वाचा. आणि १९४९ च्या शेवटी आय-एल आलं असेल तर आधी ती वरची एकोणवाली यादी लिहून काढा, मगच बाकीचे आकडे तपासा.